हिरडा आणि चेहरा: पोटातून किती, वरून किती

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २४, राहणं इंदूरला. गालांवर आणि हनुवटीवर पुळ्या येतात, त्या बसल्या की काळे डाग मागे राहतात. दुपारपर्यंत चेहरा तेलकट होतो आणि पोट रोज साफ होत नाही. आजीने हिरडा सुचवला. सियागंज बाजारातून चूर्ण आणलं, गुलाबपाण्यात कालवून रोज रात्री लावलं आणि पूर्ण वाळेपर्यंत ठेवलं. थोड्याच दिवसांत गाल ओढल्यासारखे झाले आणि तोंडाभोवती पापुद्रे सुटू लागले. आता विचारणं असं की हिरडा सोसत नाही का, तो पोटातून घ्यावा का, आणि आईने आणून ठेवलेल्या गोमूत्र हरीतकीच्या, म्हणजे गोमूत्राचा संस्कार केलेल्या हिरड्याच्या, गोळ्या चालतील का.

हिरडा सोसत नाही असा निकाल इतक्यात देऊ नका. जे झालं ते हिरड्याच्या स्वभावाला धरूनच झालं. खारट सोडून बाकी पाचही रस त्यात आहेत, पण वरचढ आहे तो तुरट, आणि हा तुरटपणा टॅनिनचा. याच टॅनिनसाठी हिरडा पिढ्यान् पिढ्या चामडं कमावायला वापरला गेला. मध्य प्रदेशच्या जंगलांतला हर्रा, म्हणजे हिरडाच, गोण्या भरभरून त्या धंद्यात जात असे. टॅनिन कातड्यातल्या प्रथिनांना धरतं, आवळतं आणि त्यातलं पाणी कमी करतं. जिवंत त्वचेवरही तेच होतं, फक्त वरवर. थोडा वेळ ठेवलं तर पाझर थांबतो, सूज उतरते, तेल कमी सुटतं. तासभर ठेवलं तर वरचा थर कोरडा पडून पापुद्रे निघतात. त्यामुळे हिरड्याच्या लेपाला घड्याळ लावावंच लागतं: ८ ते १० मिनिटं, त्यापुढे नाही. लेप वाळू देऊ नये हा नियम आयुर्वेदात सगळ्याच लेपांना आहे. ओला असेपर्यंत तो काम करतो, वाळला की नुसता ओढतो. लेप रात्री लावू नये असंही सांगितलेलं आहे. तुमच्या बाबतीत हे दोन्ही नियम मोडले गेले.

दुसरी गोष्ट, हिरडा कोणत्या त्वचेला. ओली, तेलकट, पू धरणारी, खाजून पाझरणारी त्वचा हे त्याचं क्षेत्र. कोरडी, पातळ, थंडीत फुटणारी किंवा वाऱ्याने लाल होणारी त्वचा असेल तर वरून हिरडा लावूच नये, पोटातून घ्यायचा तरी तुपाच्या जोडीने घ्यावा. बऱ्याच जणांचं कपाळ-नाक तेलकट आणि गाल कोरडे असतात. त्यांनी सगळा चेहरा माखायचं कारण नाही, लागेल तिथेच लावावा. माळव्याच्या हवेचाही हिशेब धरा. पावसाळ्यात आणि आश्विनाच्या उन्हात जो लेप चालतो, तोच मे महिन्याच्या लूमध्ये किंवा डिसेंबरच्या कोरड्या वाऱ्यात त्रास देतो. या दोन काळांत लेप बंद ठेवून फक्त धावन, म्हणजे काढ्याने धुणं, चालू ठेवावं. तेही एक दिवसाआड.

आता माल. तयार चूर्ण आणू नका, अख्खा हिरडा आणा. चूर्ण स्वस्त करायचं म्हणजे बीसकट दळायचं, हा जुना उद्योग आहे. औषधात घ्यायचा तो बीवरचा गर, म्हणजे हिरडेदळ. बी टणक आणि काष्ठासारखी असते, तिच्यात कामाचं फारसं काही नसतं. बीसकट दळलेलं चूर्ण बोटांत चोळलं की रेतीसारखं कचकचतं. असं चूर्ण चेहऱ्यावर घासलं की बारीक ओरखडे पडतात आणि पुळीचा जंतू शेजारच्या रंध्रांत पसरतो. तुमचे पापुद्रे निम्मे या कचकचीनेही आले असू शकतात.

सियागंजात 'बड़ी हरड' मागितलीत की सुरवारी हिरडा मिळतो: मोठा, पिवळट, पाच कडा असलेला. 'छोटी हरड' म्हणजे आपला बाळहिरडा, बी धरण्याआधीच गळलेला, काळा आणि सुरकुतलेला. काही दुकानांत 'हर्रा कचरिया' मिळतो, म्हणजे बी काढून फोडलेले गराचे तुकडे. दिसायला ओबडधोबड असतो, पण कीड नसेल तर तोच सोयीचा, फोडायचे कष्ट वाचतात. चेहऱ्याच्या कामाला सुरवारी घ्या. जुन्या निघंटूंत, म्हणजे आयुर्वेदाच्या औषधिकोशांत, हिरड्याच्या सात जाती दिल्या आहेत आणि लेपाला पूतना, व्रण भरायला रोहिणी अशी वाटणीही केली आहे. आजच्या बाजारात या नावांनी माल वेगळा काढून कोणी देत नाही. देतो म्हणणाऱ्याला जादा पैसे देऊ नका.

निवड करताना हिरडा हातात जड लागला पाहिजे. पाण्यात टाकला तर बुडाला पाहिजे. तरंगला तर आतून किडलेला किंवा वाळून पोकळ झालेला. कानाशी धरून हलवा, खुळखुळला तर बाजूला ठेवा. सालीवर बारीक भोकं दिसली तर तो घेऊच नका, आत भुंगेऱ्याचा भुसा निघेल. एक फोडून चाखा. आधी तोंड आवळणारा तुरटपणा, मग किंचित कडू-आंबट आणि वरून पाणी प्यायल्यावर गोडसर चव राहिली तर माल चांगला. फळ हिवाळ्यात तयार होतं, म्हणून नवा माल होळीच्या आसपास बाजारात दिसू लागतो. तेव्हाच वर्षाचा पाव किलो घेऊन ठेवावा. घरी अख्खा हिरडा वर्षभर टिकतो. चूर्ण मात्र परंपरेने दोन महिन्यांपुरतंच धरतात, म्हणून एका वेळी ५० ग्रॅमच करा.

फोडायला लोखंडी खलबत्ता चालतो, पण सगळं कोरडं असेपर्यंतच. ओलं झालं की लोखंड आणि टॅनिन मिळून शाई होते, अक्षरशः शाई, कारण जुन्या काळी शाई अशीच बनवत. लोखंडी कढईत हिरड्याचा काढा केला तर तो निळसर काळा होतो, आणि तो चेहऱ्याला लावला तर करडी झाक दोन-तीन दिवस जात नाही. अॅल्युमिनियमचं भांडंही नको. स्टील, मातीचं किंवा काचेचं घ्या. नळाला नर्मदेचं पाणी येत असेल तर प्रश्न नाही. शहराच्या कडेच्या नव्या कॉलन्यांत बोरिंगचं पाणी असतं आणि काही ठिकाणी त्यात लोह जास्त असतं. ते ओळखायला स्टीलच्या वाटीत चिमूटभर चूर्ण त्या पाण्यात भिजवा. पाणी पिवळट-तपकिरी राहिलं तर ठीक. थोड्या वेळात काळसर झालं तर काढ्याला पिण्याचं गाळलेलं पाणी वापरा.

सुरुवात धावनाने करा, लेपाने नाही. पुळ्यांच्या चेहऱ्याला धावन लेपापेक्षा जास्त उपयोगी पडतं, तरी लोक लेपाच्याच मागे असतात, कारण लेप दिसतो. दहा ग्रॅम हिरडेदळ जाडसर भरडा, रव्याहून मोठं. बारीक चूर्ण काढ्याला वापरलं तर ते तळाला लागतं आणि गाळताना फडक्यातून निसटतं. १६० मिली पाण्यात अर्धा तास भिजू द्या. मग मंद आचेवर, झाकण न ठेवता, निम्मं म्हणजे ८० मिली उरेपर्यंत आटवा. मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळा आणि कोमट होऊ द्या. आधी साध्या पाण्याने चेहरा धुवा. मग कापसाचा बोळा काढ्यात बुडवून हलका पिळा आणि पुळ्यांवर टेकवा, घासू नका. एका जागी मिनिटभर ठेवून पुढे सरका, एकूण पाच मिनिटं. शेवटी पुन्हा साधं पाणी. काढा त्याच दिवशी संपवा. फ्रिजमध्ये ठेवला तर फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत, त्यानंतर तार धरते आणि वास बदलतो. पांढरा टॉवेल वापरू नका, डाग जात नाहीत.

पुळी फुटून पू येत असेल तर याच काढ्यात हिरड्याबरोबर तेवढाच बेहडा आणि आवळकाठी घाला, म्हणजे त्रिफळा झाला. एकूण वजन दहा ग्रॅमच ठेवा. व्रण धुवायला त्रिफळ्याचा काढा ही आयुर्वेदातली नित्याची गोष्ट आहे. हिरड्याचे जंतुरोधक गुण प्रयोगशाळेत दिसलेले आहेत, पण बशीतला जंतू मरणं आणि गालावरची पुळी बसणं यांत अंतर आहे. म्हणून धावनाकडून चेहरा स्वच्छ राहील, तेल आणि सूज कमी होईल इतकीच अपेक्षा ठेवा.

दोन आठवडे धावन सोसलं तर मग लेप. आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेत दहा मिनिटं लावून धुवा आणि दोन दिवस वाट पाहा. खाज, लाली, पुरळ काही नसेल तर पुढे जा. लेपाचं चूर्ण वस्त्रगाळ हवं, म्हणजे मलमलमधून झटकून खाली पडेल तेवढंच घ्यायचं. पिठाच्या चाळणीने भागत नाही. तेलकट त्वचेला एक भाग हिरडा आणि दोन भाग मसुराच्या डाळीचं पीठ, ताज्या पातळ ताकात कालवून. एका वेळेला हिरडा एक लहान चमचा, म्हणजे साधारण तीन ग्रॅम, पुरे होतो. मिश्र त्वचेला ताकाऐवजी दूध घ्या. निव्वळ हिरडा चेहऱ्याला कधीच लावू नका. थर असा हवा की दहा मिनिटांत वाळणार नाही. पापण्या, ओठांच्या कडा आणि नाकाच्या बाजूच्या घड्या सोडा. कडेला पांढुरकं दिसू लागलं की घड्याळ न बघता उतरवा. ओढून काढू नका, पाणी शिंपडून सैल करा आणि धुवा. साबण त्यानंतर नको. चेहरा दमट असतानाच तुमचं नेहमीचं मॉइश्चरायझर लावा. आठवड्यातून दोनदा, सकाळी किंवा दुपारी. आज कालवलेला लेप उद्या वापरू नका, आणि वाळत आलेल्या लेपावर पाणी शिंपडून दुसरा थर चढवू नका.

फक्त डागांसाठी लेपापेक्षा सहाण बरी. बाळगुटी उगाळलेली असेल त्या घरात हे सांगायला नको: सहाणेवर गुलाबपाण्याचे चार-पाच थेंब, अख्खा सुरवारी हिरडा उभा धरून दाब न देता सात-आठ वेढे. दाब दिला की तुकडे निघतात, हलक्या हाताने उगाळलं तर गंधासारखी पिवळट-बदामी साय येते. ती बोटाने नाही, उदबत्तीच्या काडीला कापूस गुंडाळून फक्त डागावर टेकवा. पाच मिनिटांत पुसा. याने डाग महिनाभरात उडतात असं म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. पुळीनंतरचा काळा डाग आपणहून जायलाही काही महिने घेतो, आणि उन्हात तो पुन्हा गडद होतो. दुचाकीवर दुपारी फिरणाऱ्या मुलीने सनस्क्रीन न लावता हिरडा उगाळणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणं. एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त, सकाळी, आणि दुपारी बाहेर पडायचं असेल तर पुन्हा. गोरं होणं हा विषय हिरड्याच्या कक्षेतला नाही, आणि वांग असेल तर हिरड्याने तो जात नाही.

आता पोटातून. तुमच्या प्रश्नातलं 'पोट रोज साफ नाही' हे मला गालांपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. हिरड्याची खरी ताकद तिथे आहे. पण तो घेताना कसा घेतला यावर काम बदलतं, आणि इथेच बहुतेक जण चुकतात. चावून खाल्ला तर भूक वाढवतो. वाटून, चूर्ण करून घेतला तर मळ सारतो. उकडून किंवा वाफवून घेतला तर उलट बांधतो. भाजून किंवा तळून घेतला तर तिन्ही दोषांवर सौम्य काम करतो. म्हणून बद्धकोष्ठाला हिरड्याचा काढा पिऊन 'काहीच झालं नाही' म्हणणाऱ्यांचं नवल वाटू नये. तुम्हाला चूर्ण हवं.

झोपण्याआधी अर्धा लहान चमचा, म्हणजे दीड ग्रॅमच्या आसपास, कोमट पाण्याबरोबर. दहा दिवस तेवढंच. सकाळी एकदा सहज साफ झालं तर मात्रा वाढवू नका. नाही झालं तर तीन ग्रॅमपर्यंत जा. प्रौढांची प्रमाणित मात्रा तीन ते सहा ग्रॅम आहे, पण सहापर्यंत जायची वेळ आली तर वैद्यांना विचारून. दिवसातून दोन-तीनदा पातळ होऊ लागलं, पोटात मुरडा आला किंवा तहान वाढली की मात्रा निम्मी करा. जुलाब झाले की त्वचा सुधारते ही समजूत चुकीची आहे, त्याने अंगातला ओलावा जातो आणि चेहरा अजून कोरडा दिसतो. कोठा जड आणि रुक्ष असेल, खडे होत असतील, तर चूर्णाऐवजी बाळहिरडा तुपात किंवा एरंडेलात मंद आचेवर फुगेपर्यंत परतून, थंड झाल्यावर कुटून घ्या. हा प्रकार आतड्याला कोरडं पाडत नाही.

ऋतूप्रमाणे हिरड्याबरोबर काय घ्यावं हेही ठरलेलं आहे: पावसाळ्यात सैंधव, शरदात साखर, हेमंतात सुंठ, शिशिरात पिंपळी, वसंतात मध, ग्रीष्मात गूळ. पुळ्या लाल, दुखऱ्या, आग करणाऱ्या असतील तर सुंठ आणि पिंपळीचे दोन ऋतू सोडून द्या, तेव्हा कोमट पाणीच बरं. शरदात साखर जरूर घाला, पुळ्या उसळतात तो काळ तोच असतो आणि हिरडा उष्ण आहे. मध घेतलात तर गरम पाण्यात घालू नका.

रात्री अकराला सराफ्याच्या खाऊबाजारात भुट्ट्याचा कीस, जिरावन घातलेला गराडू, वर जिलबी, आणि घरी येऊन बारा वाजता हिरडा, याने पोट आणि त्वचा दोन्ही गोंधळतात. सराफा सोडा असं इंदूरकराला कोण सांगणार? पण त्या रात्रीचा हिरडा सोडा आणि दुसऱ्या दिवशी जेवण हलकं ठेवा. रोजच्या पोह्यांवरची शेव मात्र खरोखर कमी करावी, ती मोजण्यात येत नाही आणि दिवसभर चालते.

हिरडा पोटातून कोणी घेऊ नये: गरोदर स्त्रिया, बाळाला पाजणाऱ्या, जुलाब चालू असलेले, फार कृश किंवा नुकत्याच आजारातून उठलेले, कडक उपवास धरलेले, रक्तस्राव होऊन गेलेले. नवरात्राच्या नऊ दिवसांत उपवास असेल तर तेवढा बंद ठेवा. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांच्यात आणि हिरड्यात किमान दोन तासांचं अंतर ठेवा, टॅनिन लोह धरून ठेवतं आणि गोळी वाया जाते. मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय सुरू करू नका. पुळ्यांवर डॉक्टरांनी अॅडापॅलीनसारखं मलम दिलं असेल किंवा आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर हिरड्याचा लेप आणि धावन दोन्ही बंद. त्या औषधांनी त्वचा आधीच कोरडी असते.

मिसळण्याबद्दल एकच सांगतो: लिंबू घालू नका. हिरडा, लिंबू आणि बेसन हा घरोघरी फिरणारा नुस्खा आहे, आणि चेहरा जळजळल्याच्या तक्रारींमागे बऱ्याचदा तोच निघतो. गजकर्ण किंवा नायट्यावर हिरडा लावून खाज कमी होते, बुरशी जात नाही. खाज थांबली म्हणून लोक निर्धास्त राहतात आणि चट्टा कडेने वाढत जातो. त्यावर औषधाच्या दुकानातून स्टिरॉइड मिसळलेली मलमंही स्वतःहून आणू नका, चट्टा तात्पुरता फिका पडतो आणि मग पसरतो.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा. पहिले दोन आठवडे वरून काहीच नाही, फक्त साधं पाणी, सौम्य फेसवॉश आणि मॉइश्चरायझर, म्हणजे पापुद्रे भरून येतील. या काळात पोटातून चूर्ण सुरू करायला हरकत नाही. मग धावन, मग लेप. त्वचेचा वरचा थर बदलायला साधारण चार आठवडे लागतात, त्यामुळे सहा ते आठ आठवड्यांआधी हिशेब मांडू नका. चूर्णही त्याहून जास्त काळ आपल्या मनाने चालू ठेवू नका.

पुळ्या खोल, गाठीसारख्या असतील, खड्डे पडत असतील, किंवा हनुवटी-जबड्यावरच्या पुळ्यांबरोबर पाळी अनियमित असेल, तर घरगुती उपायांत महिने घालवू नका. लोकमान्य नगरातल्या शासकीय अष्टांग आयुर्वेद महाविद्यालयात दाखवा, किंवा एमवाय रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात. पाळीचा प्रश्न असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे आधी. खड्डे एकदा पडले की हिरडाच काय, मलमांनीही ते भरत नाहीत.

राहिल्या गोमूत्र हरीतकीच्या गोळ्या. त्या हिरड्याहून उष्ण आणि तीक्ष्ण असतात, कफाची सूज, जडपणा, मूळव्याध अशा ठिकाणी वैद्य देतात. लाल, आग करणाऱ्या पुळ्यांना त्या देऊ नयेत, आणि तुमचा चेहरा आत्ता तसाच आहे. डबी आईला परत द्या. त्यांनाही घ्यायच्या असतील तर अॅसिडिटी नाही ना, हे आधी विचारा.